देवळालीचे मास्तर आणि माझा न पाठवलेला राजीनामा

हा एपिसोड ऐकायचा सोडून वाचताय म्हणजे एकतर ऑफिसात आहात, नाहीतर इअरफोन घरी विसरलात. दोन्ही चालतंय. नेहमीसारखंच, जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे टाकतोय. मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. दीड मिनिटाची. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. तो म्हणत होता, "दादा, सात वर्षं झाली जॉबला. पगार चांगला आहे, टीम चांगली आहे, मॅनेजर पण त्रास देत नाही. पण रोज सकाळी लॅपटॉप उघडताना वाटतं की हे मी कशासाठी करतोय? इतिहासात असं कुणाला वाटलं होतं का?"

शेवटच्या प्रश्नावर मला आधी हसू आलं. मग आलं नाही. कारण ती नोट मी ऐकत होतो तेव्हा माझ्याच मेलच्या ड्राफ्टमध्ये एक राजीनामा पडून होता. अकरा दिवस. "डिअर" लिहून झालेलं, कारण लिहून झालेलं, फक्त पाठवायचा बाकी. मी पण बीटेक, मी पण सात वर्षं, माझा पण मॅनेजर चांगला. गंमत म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच प्रमोशन झालं होतं. आईने शेजारी पेढे वाटले होते. आणि मला पेढा खाताना काहीच वाटलं नव्हतं.

तर त्या श्रोत्याला उत्तर द्यायचं म्हणून मी शोधायला लागलो. आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे सल्लाबिल्ला देणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव तुम्ही ऐकलं असेल, निदान त्याचा आकडा नक्की ऐकला असेल.

मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. १९०५ हा आकडा घ्या. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा: ९५१०. आता उलटे लावा: ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. ९३५१ आले. आता याच्याशी परत तेच करा. ९५३१ वजा १३५९, झाले ८१७२. परत. ७४४३. परत. ३९९६. परत. ६२६४. परत. ४१७६. आणखी एकदा. ६१७४.

आता ६१७४ ला तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७. उत्तर ६१७४. अडकलात. इथून पुढे कितीही वेळा करा, तिथेच.

चारही अंक सारखे असलेले आकडे सोडले, म्हणजे ११११, २२२२ वगैरे, तर कुठलाही चार अंकी आकडा घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तो ६१७४ वर येऊन थांबतो. याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. आणि मी १९०५ मुद्दाम घेतला, कारण ज्यांनी हे शोधलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. त्यांच्या जन्मसालाला बरोब्बर सात पायऱ्या लागतात. जास्तीत जास्त जेवढ्या लागू शकतात तेवढ्या. हे मला रात्री एक वाजता स्क्रिप्ट चालवताना दिसलं आणि मी उगाचच खूश झालो.

वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, म्हणजे घरात आकडेमोड चालायची. कुंडली मांडायची तर बेरीज-वजाबाकी आलीच. आई गेली तेव्हा दत्तात्रय आठ वर्षांचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजला गणितात पहिले आलेले पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं पारितोषिक, तेही स्वतंत्र गणिती कामासाठी. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पसमधला टॉपचा पोरगा. त्याने पुढे एमएस, पीएचडी, परदेश असं काहीतरी करायला हवं, नाही का?

१९२९ ला बीएस्सी झाले. १९३० ला नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर म्हणून लागले. आणि १९६२ ला तिथूनच निवृत्त झाले.

एवढंच. बत्तीस वर्षं, एक गाव, एक हुद्दा. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. त्यांच्यावरचा कुठलाही लेख उघडा, या बत्तीस वर्षांना एक वाक्य मिळतं.

देवळालीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्रजीत "डूलॅली" असा शब्द आहे, अर्थ डोकं फिरलेला. तो शब्द आपल्या देवळालीवरून आलाय, खरंच. १८६१ पासून तिथे ब्रिटिश सैन्याची मोठी छावणी होती. ज्या गोऱ्या सैनिकांची हिंदुस्थानातली मुदत संपायची त्यांना बोटीची वाट बघत तिथे ठेवायचे. बोटी थंडीच्या महिन्यांतच सुटायच्या. चुकीच्या महिन्यात मुदत संपली की बसा महिनोन् महिने. ड्युटी नाही, काम नाही, घरी जाता येत नाही. दारू, मारामाऱ्या, मलेरिया, आणि काहींची डोकी खरोखर फिरली. सैनिक त्याला म्हणायचे "देवळाली टॅप". टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि देवळालीची "डूलॅली" झाली.

म्हणजे ज्या गावाच्या नावावरून इंग्रजांनी कंटाळ्याने वेड लागण्याला शब्द केला, त्याच गावात आमचे मास्तर बत्तीस वर्षं एकाच नोकरीत राहिले. आणि वेड म्हणाल तर त्यांनाही होतंच. दारुड्याला जशी ती धुंदी सुटू नये म्हणून पीतच राहावंसं वाटतं, तसं माझं आकड्यांच्या बाबतीत होतं, अशा अर्थाचं ते स्वतःच म्हणायचे.

त्या नशेत त्यांनी काय काय केलं बघा. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो त्याला त्यांनी नाव दिलं हर्षद. हर्ष देणारा. १२ घ्या, १ अधिक २ तीन, १२ भागिले ३, गेला. रामानुजनचा प्रसिद्ध १७२९ पण हर्षद आहे, अंकांची बेरीज १९ आणि १९ एक्क्याण्णवे १७२९. मग कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ परत २९७. मग १, १२१, १२३२१ अशा डोंगरासारख्या चढून उतरणाऱ्या संख्या, त्यांना डेम्लो संख्या म्हणाले. हे नाव एका रेल्वे स्टेशनवरून घेतलं, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. मुंबईपासून तीसेक मैलांवरचं ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली असं सांगतात. डोंबिवलीकर श्रोते, तुमच्या प्लॅटफॉर्मवर गर्दीत उभं राहून गणित सुचू शकतं याचा पुरावा घ्या.

मला सगळ्यात आवडतात त्या देवळाली संख्या. कुठलाही आकडा घ्या आणि त्याच्या अंकांची बेरीज त्यातच मिळवा. १५ अधिक १ अधिक ५, झाले २१. म्हणजे १५ ने २१ ला जन्म दिला. आता २० ला कोणी जन्म दिला शोधा. १४ पासून १९ होतात, १५ पासून २१. मधला २० सुटतो. त्याला आईबाप नाहीत. ३१ ला नाहीत, ४२ ला नाहीत, ५३ ला नाहीत. अशा कुणापासून न जन्मलेल्या आकड्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावाचं नावही दिलं. जगभरची गणिताची पुस्तकं आज त्यांना "सेल्फ नंबर" म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी अजून "देवळाली नंबर" पण लिहिलेलं सापडतं.

आता ६१७४ कडे परत. तो त्यांना १९४६ साली सापडला, १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९५५ ला "स्क्रिप्टा मॅथेमॅटिका" या अमेरिकन नियतकालिकात छापून आला. शोध लागल्यापासून छापून यायला नऊ वर्षं. मी पुल रिक्वेस्ट टाकून दोन दिवसांत अप्रूव्ह नाही झाली तर ग्रुपवर पिंग करतो.

हे हाताने करणं म्हणजे काय हे कळावं म्हणून मी एक प्रयोग केला. पायथॉनमध्ये हे लिहायला आठ ओळी लागतात आणि सगळे दहा हजार आकडे क्षणात तपासून होतात. मग मी लॅपटॉप बंद केला आणि वहीत वीस आकडे केले. एक तास वीस मिनिटं. दोनदा वजाबाकी चुकली. पण पंधराव्या आकड्याच्या आसपास काहीतरी झालं. मला दिसायला लागलं की पहिल्या वजाबाकीनंतर तेच तेच आकडे परत येतायत. ८३५२ आला की पुढचा घात ठरलेला. ८१७२ आला की पुढची सगळी रांग पाठ. मग कारण शोधलं. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले की टोकाच्या दोन अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, एवढंच उत्तर असतं. ते दोन फरक फक्त ५४ प्रकारे जमू शकतात. म्हणजे ९,९९० आकडे आत टाका, पहिल्या पायरीला फक्त ५४ बाहेर पडतात. उरलेली गर्दी तिथेच संपली.

स्क्रिप्टने मला उत्तर दिलं होतं, हे दिलं नव्हतं. त्या एक तास वीस मिनिटांत मी फोनला हात लावला नव्हता, हे मला नंतर लक्षात आलं.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो तर ही छान प्रेरणादायी रील झाली असती. साधा शिक्षक, मोठा शोध, मागे बासरी. पण खरी गोष्ट तेवढी गोड नाही.

त्यांच्या हयातीत बहुतांश काळ देशातल्या गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. करमणुकीचं गणित, पोरखेळ, असं समजून हसायचे. त्यांचे लेख फारशी प्रतिष्ठा नसलेल्या नियतकालिकांत छापून यायचे, नाहीतर ते स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापायचे. परिषदांना स्वखर्चाने जायचे. मास्तरांच्या पगारात. १९६६ ला पत्नी वारली. पेन्शन पुरत नव्हतं म्हणून निवृत्तीनंतर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. नाव झालं ते १९७५ च्या मार्चमध्ये. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने "सायंटिफिक अमेरिकन" मधल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर कापरेकर हे नाव पोचलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ ला गेले.

त्यामुळे कोणी मला म्हणालं की "बघ, नोकरी सांभाळून छंद जोपास, सगळं छान होतं", तर मी कापरेकरांचं उदाहरण त्यांना देऊ देणार नाही. सगळं छान झालं नव्हतं. आणि त्यांना विद्यापीठात जागा मिळाली असती, एक लायब्ररी, चार बरोबरीचे लोक, तर त्यांनी काय केलं असतं हा प्रश्न मला तरी टोचतो. गरिबीत माणूस फुलतो वगैरे म्हणणं हे पोट भरलेल्या लोकांचं बोलणं आहे.

पण दुसरीही गोष्ट खरी आहे. कोणी हसतंय, कोणी छापत नाहीये, पुढे काही मिळायची शक्यता नाही, असं असताना माणूस चाळीस-पन्नास वर्षं रोज तेच करत राहतो, ते कशाच्या जोरावर? आमच्याकडे लोकांना तीन महिने ॲप्रिशिएशन मेल नाही आला तर लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" लागतं. मी पण त्यातलाच. त्यांनी नाव दिलेल्या संख्या परत बघा. हर्षद, म्हणजे आनंद देणारी. गणितात शब्द तसे कोरडे असतात, मूळ, विषम, अपूर्णांक. या माणसाने सरळ लिहून ठेवलं की हिच्यामुळे मला आनंद होतो.

कापरेकर वाचताना मला त्यांच्याच काळातला दुसरा एक माणूस सारखा आठवत होता. पांडुरंग वामन काणे. जन्म १८८०, रत्नागिरी जिल्ह्यातले. आधी सरकारी शाळेत शिक्षक, मग मुंबईला हायकोर्टात वकील. चांगला जम बसलेला वकील. त्यांनी "व्यवहारमयूख" या नीळकंठ भट्टांच्या संस्कृत ग्रंथाची आवृत्ती काढायला घेतली. हा ग्रंथ नुसता जुना म्हणून नव्हे, तर वारसाहक्काच्या खटल्यांत मुंबईच्या कोर्टात प्रमाण मानला जायचा, म्हणजे त्यांच्या धंद्यातलाच. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा असं त्यांनी ठरवलं. ती प्रस्तावना वाढत गेली. वाढत गेली म्हणजे किती, तर पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला. पाच खंड, साडेसहा हजारांच्या आसपास पानं. "हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र". १९६३ ला भारतरत्न. माझ्या माहितीतला जगातला सगळ्यात मोठा स्कोप क्रीप.

काण्यांचं आणि कापरेकरांचं एकदम वेगळं आहे. काणे कोर्टात जे दिवसभर करत होते तेच रात्री खोल खणत होते. अशिलाचं काम आणि अभ्यास यांचं मूळ एकच. कापरेकरांना शाळेतल्या त्रैराशिकातून ६१७४ मिळाला नव्हता. ते वेगळंच खातं होतं. आणि योगायोग असा की दोघांची बत्तीस वर्षं जवळजवळ एकच आहेत. १९३० ते १९६२. एकाची नोकरी, दुसऱ्याचा ग्रंथ.

माझ्या राजीनाम्याच्या ड्राफ्टमध्ये कारण म्हणून मी लिहिलं होतं: "अधिक अर्थपूर्ण काहीतरी करण्यासाठी". हे दोघं वाचून झाल्यावर ती ओळ मी परत वाचली आणि स्वतःला विचारलं, काय? काय करणार आहेस? उत्तर नव्हतं. माझ्याकडे ६१७४ नव्हता, प्रस्तावना पण नव्हती. फक्त नोकरी नको होती. देवळालीच्या छावणीतल्या सैनिकांसारखी माझी मुदत संपली होती, आणि बोट कुठली ते ठाऊक नव्हतं.

त्याच शनिवारी घरी गेलो. बाबा वीज मंडळात लाइनमन होते, २०२० ला रिटायर झाले. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी नोकरीचा कंटाळा आला नाही?"

"रोज यायचा," बाबा म्हणाले. "पावसात पोलवर चढून बघ एकदा."

"मग सोडावीशी नाही वाटली?"

"सोडून काय, तुझी फी कोण भरणार होतं?" मग थोडा वेळ वरणात भात कालवत राहिले. मला वाटलं विषय संपला. तर म्हणाले, "पण एक सांगू का. रात्री-बेरात्री फॉल्ट काढला ना, की वरून खटका द्यायचा. आणि एकदम सगळ्या घरांतून आवाज यायचा. 'आऽऽली!' पोरं ओरडायची. अख्खी आळी. ते पोलवरून ऐकू यायचं. त्यांना माहीत नसायचं वर कोण आहे. पण आपल्याला ऐकू यायचं."

आई म्हणाली, "आणि मग घरी येऊन चार वाजता चहा मागायचे."

मी रात्रभर त्या "आली" वर विचार करत होतो. मी पण लहानपणी ओरडलोय ते. प्रत्येक वेळी. वर कोणी असतं हे डोक्यातही आलं नव्हतं.

आता माझं काम काय ते सांगतो. ऑनलाइन बुकिंग रद्द झालं की पैसे परत जातात, त्या रिफंडची रात्रीची बॅच माझ्याकडे आहे. रात्री दोनला जॉब सुरू होतो, पावणेतीनला संपतो, डॅशबोर्ड हिरवा होतो. सात वर्षांत मी तो डॅशबोर्ड हजारो वेळा बघितला असेल. पैसे परत मिळालेला माणूस एकदाही बघितला नव्हता. "आली" म्हणून कोणी ओरडत असेल तर ते माझ्या पोलपर्यंत येत नव्हतं.

सोमवारी मी मॅनेजरला विचारलं की एक दिवस सपोर्ट टीमबरोबर बसू का, कॉल ऐकायला. तो म्हणाला, "का? काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, नाही, असंच. त्याने विचित्र नजरेने बघितलं पण हो म्हणाला.

दिवसभर हेडफोन लावून बसलो. बहुतेक कॉल कंटाळवाणे. दुपारी एका बाईंचा आला, आवाजावरून माझ्या आईच्या वयाच्या. तिकिटं रद्द करून सहा आठवडे झाले होते, १,८४० रुपये आले नव्हते. चौथ्यांदा फोन करत होत्या. चिडल्या नव्हत्या, तेच वाईट वाटलं. "बघा ना बाळा जरा," एवढंच म्हणत होत्या. सपोर्टवाल्या मुलीने स्क्रीनवर जे होतं ते वाचून दाखवलं: प्रक्रियेत आहे.

मी तो व्यवहार उघडून बघितला. त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, त्यामुळे शाखेचा आयएफएससी कोड बदलला होता. माझा जॉब जुना कोड बघून त्या नोंदीला "मॅन्युअल रिव्ह्यू" च्या ढिगात टाकत होता. आणि तो ढीग बघणाऱ्या माणसाची दीड वर्षापूर्वी दुसऱ्या टीममध्ये बदली झाली होती. ढिगात २१३ नोंदी होत्या. डॅशबोर्ड मात्र हिरवाच, कारण ढिगात टाकलं म्हणजे जॉब यशस्वी, असं ठरवलेलं होतं. कोणी ठरवलं होतं? कमिट हिस्टरी काढली. मीच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. जुन्या-नव्या कोडचा तक्ता लावायचा होता, बस. मग ढीग कधी वाढला तर मेल यावा अशी सोय केली. त्या रात्री दोनला मी जागा राहिलो, गरज नव्हती तरी. २१३ पैकी १९६ गेल्या. उरलेल्या सतरांना एकेक फोन करायला लागला, खाती बंद होती किंवा नावात घोळ होता. ते पुढच्या आठवड्यात मी आणि ती सपोर्टवाली मुलगी मिळून केलं. एका आजोबांना समजावून सांगायला पंचवीस मिनिटं लागली, कारण त्यांना खात्री होती की मी फ्रॉड आहे. बरोबरच आहे त्यांचं, अनोळखी माणूस फोन करून पैसे देतो म्हणतोय.

या कामाचं कुठल्याही स्प्रिंटमध्ये तिकीट नव्हतं. रिव्ह्यूमध्ये पण येणार नाही, उलट आलंच तर बग माझाच होता हे आधी येईल. त्या बाईंना पैसे मिळाल्यावर त्यांनी काही परत फोन केला नाही. का करतील? मी तरी लाइनमनला फोन केला होता का कधी.

व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे का, माहीत नाही. तुला काण्यांसारखं धंद्यातच काही खणायला मिळेल, की कापरेकरांसारखं वेगळं खातं उघडायला लागेल, की तुझी खरंच मुदत संपलीय आणि तू निघायला हवंस, हे मी पुण्यात बसून नाही सांगू शकत. माझा ड्राफ्ट अजून तिथेच आहे. डिलीट केलेला नाही. कारणाची ओळ तेवढी काढून टाकली, ती खोटी होती. खरी सापडली तर लिहीन आणि पाठवीन.

कापरेकरांची वही मात्र चालू आहे माझी. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, लॅपटॉप बंद करून. सध्या तीन अंकी आकडे करतोय. ते ४९५ वर येऊन थांबतात, करून बघा.

आणि जन्मसालाचा खेळ घरच्यांबरोबर नक्की खेळा. पायऱ्या किती आल्या ते मला कळवा, पुढच्या एपिसोडला वाचून दाखवतो. मास्तरांचं १९०५, सात पायऱ्या. माझं १९९७, सहा. मागच्या रविवारी बाबांना वही दिली. त्यांचं साल १९६२. चष्मा लावून त्यांनी ९६२१ लिहिलं, खाली १२६९ लिहिलं, ८३५२ आले. मग ८५३२ मधून २३५८ वजा केले आणि वही माझ्याकडे सरकवली.

"झालं की," म्हणाले. "दोनातच."